ॲसिट्रॉम चालू, पालेभाजी बंद, तरी आयएनआर वरखाली का?

दारची_तुळस

सासूबाई, वय ५८. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती, ती बदलून मेकॅनिकल झडप बसवली आहे. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून ॲसिट्रॉम (ॲसेनोकुमारोल) ३ मिग्रॅ रोज संध्याकाळी सातला. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितला आहे. गेल्या चार तपासण्या अशा: २.८, ३.१, ५.२, १.९.

५.२ येण्याआधी जुलाब झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी पाच दिवस दिली. त्या आठवड्यात पोटात पेज आणि ताक, बाकी काही नाही. ५.२ आल्यावर दोन दिवस गोळी बंद करायला सांगितली, नंतर रोज २ मिग्रॅ. आठ दिवसांनी पुन्हा तपासले तर १.९. ऑपरेशन झाल्यापासून घरात मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर सगळे बंद आहे, म्हणजे भाजीचा दोष नाही.

प्रश्न असे. भाजी बंद असूनही आकडा का हलतो? गुडघे दुखतात, त्यावर कोणती गोळी चालेल? नात्यातल्या एकांनी गुग्गुळाच्या गोळ्या सुचवल्या आहेत, त्या द्याव्यात का? आणि हल्ली तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत म्हणतात, त्यांवर बदलून मिळेल का? औषधांत नवीन म्हणाल तर महिनाभरापूर्वी सुरू झालेली कॅल्शियमची गोळी, बाकी काही नाही.

खलबत्ता

आधी तातडीचे. मायट्रलच्या जागी मेकॅनिकल झडप आणि आयएनआर १.९, हे थांबून बघण्याचे प्रकरण नाही. ५.२ ला आपण घाबरतो, कारण रक्तस्राव डोळ्यांना दिसतो. १.९ ला झडपेवर गुठळी धरते ती दिसत नाही. ज्यांनी डोस ठरवला त्यांना आजच फोन करा. आकडा पुन्हा वर येईपर्यंत पोटावर टोचायचे हेपारिन (गुठळी रोखणारे इंजेक्शन) लागेल की नाही, हेही तेच सांगतील. दरम्यान बोलणे अडखळले, तोंड किंवा एक हात वाकडा पडला, अचानक धाप लागली, तर थेट मोठे रुग्णालय. मेकॅनिकल झडपेची टिकटिक रात्री शांततेत ऐकू येते, घरच्यांना तिची सवय झालेली असते. ती एकाएकी मंद किंवा बोदी झाली तरीही हाच नियम.

आता कारण. तुम्ही चोर भाजीच्या टोपलीत शोधताय, तो औषधांच्या डब्यात आहे.

रक्त गोठवणारे चार घटक (२, ७, ९ आणि १०) यकृत के जीवनसत्त्वाच्या (पालेभाजीत भरपूर असते ते) मदतीने तयार करते. एकदा वापरलेले के पुन्हा कामाला लावणारे एक एन्झाइम असते, ॲसिट्रॉम ते अडवते. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात खरे, पण रक्त होते तेवढेच दाट राहते, गोठायला वेळ जास्त लागतो इतकेच. म्हणजे एका पारड्यात के, दुसऱ्यात गोळी. शिवाय गोळीचाही निचरा यकृतातल्या सीवायपी२सी९ या एन्झाइमने होत असतो. तो निचरा मंदावला की तीच ३ मिग्रॅ जास्त मिग्रॅमचे काम करते.

जुलाबाच्या आठवड्यात काय झाले ते बघा. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल हे एकाच घराण्यातले, गोळीचा असर वाढवणारे. ऑफ्लॉक्सासिनच्या घराण्यानेही आयएनआर चढतो. आतड्यातले थोडेफार के बनवणारे जिवाणू प्रतिजैविकाने मेले. जुलाबात शोषण बिघडले. आणि पेज-ताकात के जवळपास नसते. इतकी ओढ एकाच बाजूला. त्यात ऑपरेशनपासून पालेभाजी बंद, म्हणजे शिल्लक आधीच कमी. ५.२ वर थांबले हेच नशीब.

पण हे कारण तात्पुरते होते. प्रतिजैविक संपल्यावर आठवडाभरात त्याचा असर ओसरतो. आणि डोस कायमचा किती उतरला? रोज ३ म्हणजे आठवड्याला २१ मिग्रॅ, रोज २ म्हणजे १४. सरळ एक तृतीयांश कपात. एरवी आठवड्याच्या बेरजेत ५ ते २० टक्के हलवतात. उदाहरणार्थ चार दिवस ३ आणि तीन दिवस २ केले की बेरीज १८, म्हणजे साधारण १४ टक्के कपात. हा हिशेब डॉक्टरांपुढे मांडा, स्वतः डोस बदलू नका. त्यांना बहुधा एवढेच हवे आहे की ५.२ च्या आधी जुलाब आणि प्रतिजैविक झाले होते. रिपोर्टवर नुसता आकडा असतो, जुलाब त्यात छापून येत नाहीत.

आणखी एक. आज डोस बदलला की उद्या आयएनआर बदलत नाही. सातवा घटक काही तासांत ओसरतो, दुसऱ्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून बदलानंतर तीन-चार दिवसांच्या आत तपासून पुन्हा डोस हलवला की झोका सुरू होतो: वर, खाली, परत वर.

निळी_बाटली

लॅबच्या बाजूने थोडे.

आयएनआरचे रक्त निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये घेतात. त्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे ३ मिलीच्या ट्यूबमध्ये २.७ मिली रक्त. ट्यूबवर खूण असते, तिथपर्यंत भरलीच पाहिजे. शीर सापडत नाही म्हणून निम्मी ट्यूब भरून पाठवली तर सायट्रेट जास्त होते, तपासणीत घातलेले कॅल्शियम ते पकडून ठेवते आणि आयएनआर खोटाच जास्त दिसतो. सुई निघताना खुणेकडे बघा आणि कमी वाटली तर तिथेच सांगा, संकोच करू नका. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त देऊ नका. नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नसतो, गारठ्याने सातवा घटक जागा होतो.

उपाशीपोटी जायची गरज नाही. लॅब मात्र एकच ठेवा. रिएजंट (तपासणीचे रसायन) बदलला की थोडा फरक पडतो, तो आयएनआरच्या गणिताने बराच भरून निघतो पण पूर्ण नाही. बोट टोचून बघायचे यंत्र घरी असेल तर ४ च्या वरचा आकडा शिरेच्या रक्तावर पडताळून घ्या, वर गेल्यावर दोघांतला फरक वाढत जातो.

सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, संध्याकाळी गोळी हा क्रम म्हणूनच सोयीचा. त्याच दिवशीचा डोस बदलता येतो.

भाजीनिवडी

पालेभाजी पूर्ण बंद करणे ही या औषधाबद्दलची सगळ्यात जास्त पसरलेली चूक आहे, आणि ती सांगणारे घरातले असतात तसे दवाखान्यातलेही. आहारात के अगदी कमी असेल तर आकडा जास्त हेलकावे खातो. रिकाम्या हौदात एक बादली ओतली तरी पातळी हलते, भरलेल्यात कळतही नाही.

अंदाज यावा म्हणून. मोठ्या माणसाला दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास के पुरते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ४८० च्या जवळपास, कोथिंबिरीत ३१०, कोबीत ७५, भेंडीत ३० ते ४०, फ्लॉवरमध्ये १५. बटाटा, टोमॅटो, कांदा यांत नगण्य. शिजवल्याने के जात नाही, ते पाण्यात विरघळणारे नव्हे. पान जितके काळपट हिरवे तितके के जास्त, म्हणून मेथी, शेपू, अळू, शेवग्याचा पाला, अंबाडी सगळे वरच्या गटात धरा.

आता पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर बघा. ती ३ ग्रॅमही नसते, म्हणजे ९ मायक्रोग्रॅम. ती निवडून काढण्यात अर्थ नाही. कोथिंबीर वडीचा बेत वेगळा. एक जुडी चार जणांत गेली तरी वाटणीला ताटात दिवसभराच्या गरजेइतके के येते. तेही चालते, पण महिन्यातून एकदा आठ वड्या खाण्यापेक्षा आठवड्यातले दोन ठरलेले दिवस वाटीभर पालेभाजी बरी. सुरुवात मात्र डॉक्टरांना सांगून करा आणि दहा दिवसांनी आयएनआर बघा. आता एकदम रोज पालक सुरू केला तर १.९ चा १.५ होईल.

तेलाकडे कोणी बघत नाही. शेंगदाणा तेलात के जवळपास नसते, सोयाबीन तेलात १०० ग्रॅमला १८० च्या घरात. घरात माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल जात असेल तर डबा बदलल्याबरोबर रोजचे ४५ मायक्रोग्रॅम वाढले. दुधात घालायच्या पोषण-पावडरींच्या मागेही ‘व्हिटॅमिन के’ वाचून घ्या.

उपासाचे दिवस जपा. श्रावणी सोमवार एकेक असतात, त्याने फार बिघडत नाही. नवरात्राचे सलग नऊ दिवस साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्यावर काढले की के घटते आणि आकडा चढतो. उपासाची साधी चाचणी: ताटात हिरवे काही आहे का.

आंब्याचे विचारले नाहीत, पण मे येईलच. वॉरफरिनवर (ॲसिट्रॉमच्याच जातीची गोळी) असलेल्या १३ जणांची एक नोंद २००२ साली प्रसिद्ध झाली. रोज एक ते सहा आंबे खाल्ल्यावर त्यांचा आयएनआर सरासरी ३८ टक्क्यांनी वाढला होता. नोंद लहान आहे, तिच्यावरून आंबा बंद करायला नको. एखादी फोड ठीक, रोज दोन वाट्या आमरस महिनाभर चालणार असेल तर तपासणी आधी करून घ्या. हळद-लसूण फोडणीत नेहमीसारखे चालू द्या. त्यांच्या कॅप्सूल वेगळ्या, त्या नकोत.

खलबत्ता

गुडघ्यांबद्दल. पॅरासिटामॉल, ५०० मिग्रॅची गोळी, दिवसाला चारपर्यंत, थोडे दिवस. याहून जास्त किंवा आठवडाभर सलग लागली तर आयएनआर चढतो, मग मध्ये एक तपासणी हवी. ‘साधी तापाची गोळी’ म्हणून तिची मोजदाद कोणी करत नाही.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब नकोत. यांची गंमत अशी की आयएनआर अनेकदा जागच्या जागी राहतो. जठराच्या अस्तराला इजा होते, जुन्या वेदनाशामकांनी प्लेटलेट्सही थंडावतात. आकडा ३.० दाखवणार आणि आतून रक्त जाणार. म्हणून ‘आयएनआर नॉर्मल आहे ना, मग घ्या’ हा मेडिकलच्या काउंटरवरचा युक्तिवाद फसवा. जोडगोळ्यांची नावे वाचा: कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असते. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ॲस्पिरिन असते. हृदयाच्या डॉक्टरांनी ७५ मिग्रॅ ॲस्पिरिन मुद्दाम जोडून दिले असेल तर गोष्ट वेगळी, ते स्वतःहून सोडू नका.

ट्रॅमाडॉलने काहींचा आयएनआर चढतो. डायक्लोफिनॅकचे जेल गुडघ्यापुरते, थोडे, चालण्यासारखे आहे, रक्तात कमीच जाते. बाम मात्र जपून. त्यात मिथाइल सॅलिसिलेट असते, ॲस्पिरिनचेच भावंड. दोन्ही गुडघे आणि कंबर दिवसातून तीनदा चोळून वर कापड गुंडाळले तर ते कातडीतून पुरेसे आत जाते आणि आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत.

गावच्या दवाखान्यात ‘एक इंजेक्शन द्या हो’ म्हणायची सवय असते. कंबरेत टोचलेले डायक्लोफिनॅक म्हणजे एकात दोन चुका: औषध नको ते, आणि स्नायूत सुई. आत रक्त साकळून मांडी-नितंब टम्म फुगतात. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘ॲसिट्रॉम चालू, स्नायूत इंजेक्शन नको’ लिहून ठेवा. दातांच्या डॉक्टरांनाही तोच कागद दाखवा. आयएनआर ठरलेल्या पट्ट्यात असेल तर बहुतेक वेळा गोळी न थांबवता दात काढता येतो, जागीच टाके आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गुळण्यांनी रक्त आवरते.

गुग्गुळ नको. त्यातल्या घटकांचे प्रमाण गोळीगणिक ठरलेले नसते, त्यामुळे असर किती होईल हे आधी सांगता येत नाही, आणि या औषधाला न सांगता येणारी गोष्टच सोसत नाही. सांधेदुखीच्या विनालेबल पुड्या तर घराबाहेरच ठेवा. अशा पुड्यांत स्टेरॉईड आणि वेदनाशामके मिसळलेली सापडली आहेत.

नव्या गोळ्या: मेकॅनिकल झडपेला नाही. त्यांतल्या डाबिगाट्रानची अशा झडपांवर चाचणी घेतली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले म्हणून २०१२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. सांधेतापाने झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्यांवर रिव्हारोक्साबान ही दुसरी नवी गोळी वापरून बघितली, २०२२ च्या निकालात जुनी गोळीच सरस ठरली. तेव्हा ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन, आणि आयएनआरची वही.

रातपाळी

वरच्यात काही भर. मोठी झेप बऱ्याचदा या औषधांनी येते.

आयएनआर चढवणारी: मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल (बुरशीसाठीची १५० मिग्रॅची एकच गोळीसुद्धा), क्लॅरिथ्रोमायसिन. तोंड आले म्हणून लावायचे मायकोनाझोलचे जेल निरुपद्रवी दिसते, पण ते गिळले जाते आणि आकडा भलताच चढवते. ॲमिओडारोन हे ठोक्यांचे औषध हळूहळू चढवते, डोस तिसऱ्या हिश्शाने किंवा निम्म्याने कमी करावा लागतो, आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात राहते.

उतरवणारी: कार्बामाझेपिन (फिट्सचे औषध) आणि सगळ्यांची बाप रिफाम्पिसिन. टीबीच्या सरकारी उपचारात ती सहाही महिने रोज असते. आठवड्याभरात यकृताची एन्झाइमे वाढतात आणि ॲसिट्रॉमचा डोस दुप्पट-तिप्पट करूनही आकडा हलत नाही. खरा धोका सहा महिन्यांनी, टीबीचा कोर्स संपल्याचा आनंद असतो तेव्हा. रिफाम्पिसिन थांबले की दोन ते चार आठवड्यांत एन्झाइमे पूर्वपदावर येतात आणि तो वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर आयएनआर सुसाट जातो. कोर्सची शेवटची तारीख आयएनआरच्या वहीत आधीच लिहून ठेवा, त्यापुढचा महिनाभर दर आठवड्याला तपासणी.

आजारांचेही तसेच. ताप, कावीळ, पाय सुजेपर्यंत वाढलेले हृदयाचे दुबळेपण, वाढलेला थायरॉईड: आकडा वर. थायरॉईड कमी असेल तर खाली, आणि त्यासाठी थायरॉक्सिन सुरू केले की काही आठवड्यांत पुन्हा वर. सासूबाईंचा प्रश्न नाही, पण धागा इतरही वाचतील: झडप बदललेल्या तरुण मुलीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, ही गोळी ६ ते १२ आठवड्यांत गर्भाला घातक ठरू शकते.

एखादी गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी, दोन एकदम नाहीत. डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, दहा मिनिटे दाबूनही न थांबणारा घोळणा, किंवा डोक्याला मार (वरून टेंगूळही नसले तरी): रुग्णालय, आयएनआर काहीही असो.

दारची_तुळस, एक राहिले. ती कॅल्शियमची गोळी कोणती? पट्टीच्या मागे बघा.

दारची_तुळस

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलले, उद्या बोलावले आहे. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात आहे: कॅल्शियम कार्बोनेट, व्हिटॅमिन डी३, आणि ‘व्हिटॅमिन के२-७ ४५ मायक्रोग्रॅम’. हेच का ते? मग आजपासून ही बंद करते.

रातपाळी

हेच ते, के२-७ म्हणजे के जीवनसत्त्वाचेच एक रूप. हाडांसाठी म्हणून हल्ली कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांत के२-७ घालतात आणि पुढच्या बाजूला ते नजरेत येत नाही. भाजीतले के एका दिवसात ओसरते, हे शरीरात तीन-तीन दिवस रेंगाळते आणि रोज घेतल्याने साठत जाते. ॲसेनोकुमारोल दिलेल्या निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचणीत रोज १० मायक्रोग्रॅमनेही काहींचा आयएनआर खाली आला होता, इथे ४५ आहे. १.९ मध्ये एक तृतीयांश कपातीचा वाटा मोठा, पण याचाही असणार.

आज मात्र एकट्याने बंद करू नका, पट्टी घेऊन उद्या जा. कारण असे: डॉक्टरांनी के२-७ चे माहीत नसताना ॲसिट्रॉम वाढवले आणि इकडे तुम्ही ही गोळी थांबवली, तर दोन्ही एकाच दिशेने ओढतील आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ५ दिसेल. साधे कॅल्शियम-डी३ लिहून घ्या, बदलाची तारीख वहीत टाका, आणि त्या तारखेपासून पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या दिवशी तपासणी मागून घ्या. के२-७ हळू उतरते, त्यामुळे पहिला आकडा बरा आला म्हणून पुढच्या दोन रद्द करू नका.